हरलेल्यांची पंगत आधी

कबड्डी बघताना मी श्वास रोखून धरते. ही नुसती बोलायची रीत नाही, खरोखर धरते. चढाईला गेलेला गडी मधली रेषा ओलांडून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणू लागला की माझाही श्वास थांबतो, आणि तो परत येईस्तोवर किंवा धरला जाईस्तोवर सुटत नाही. माझं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं, मुरबाड तालुक्यातलं. तिथे वडील खेळायचे, तेव्हापासूनची ही खोड. त्यांचा दम मोठा होता, म्हणून माझाही वाढला. लग्न होऊन शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या अंगाला असलेल्या गावात आले, तेव्हा पहिल्याच सामन्यात सासूने माझ्याकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, “खेळतात ते, आन् धापा टाकते आमची सून.”

हे आधीच सांगून टाकते, कारण लोक मला अजून अडवून विचारतात. “काय हो, तुमी तर कबड्डीच्या येड्या. मग तुमीच कसं मैदान बंद केलंत?” हो, मीच बंद केलं. आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. जे काही वाईट वाटून घ्यायचं होतं ते मी त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत पोटभर वाटून घेतलं होतं.

मैदान म्हणजे आमचं खाचर. घरापासून हाकेच्या अंतरावर, चारी बाजूंनी बांध घातलेलं भाताचं शेत. एवढं मोठं आणि एवढं सपाट खाचर आमच्या डोंगराळ गावात दुसरं नव्हतं. पावसाळ्यात त्यात भात व्हायचं, आणि भात कापून झालं की जमिनीत ओल असते तेवढ्या आठ-दहा दिवसांत सासू त्यात वाल टाकायची. त्याला पाणी द्यावं लागत नाही. जमिनीतली ओल आणि वरचं दव, एवढ्यावर तो येतो. पण ती ओल एकदा गेली की गेली, मग पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसायचं. सासूच्या वालाने अख्ख्या वस्तीत नाव काढलं होतं. कडवा, बारीक दाण्याचा, आणि त्याचं बिरडं केलं की वास विहिरीपर्यंत जायचा.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नवरा मुरबाडच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा आणि घरी असला की बहुतेक झोपलेला असायचा. शेत सासूचं आणि शब्दही सासूचा.

मी येऊन वर्षच झालं असेल, नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गावच्या मंडळाचे सामने आधी शाळेच्या आवारात व्हायचे. तिथे नव्या खोल्या बांधायला घेतल्या आणि जागा गेली. म्हणून मंडळाची माणसं नारळ घेऊन आमच्या ओट्यावर आली. भात नुकतंच कापलं होतं. सासू सुपात वालाचं बियाणं निवडत बसली होती. मंडळाचे अध्यक्ष म्हातारे होते, वरच्या आळीतले. म्हणाले, “मावशे, यंदा तुझं खाचर दे. चार दिवसांचे सामने आहेत.”

सासू म्हणाली, “चार दिवसांचे सामने, आन् माझा वाल वर्षाचा.”

मी दाराआड होते. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, “आई, द्या ना. एका वर्षानं काय होतंय?” हे माझं वाक्य मला पुढे बारा वर्षं चावत राहिलं.

सासूने माझ्याकडे बघितलं, मग सुपाकडे बघितलं. आता इथे आमच्या सामन्यांची एक रीत सांगायला हवी. बाहेरगावचे संघ आले की त्यांच्या जेवणाची सोय गावातल्या घरांनी करायची. घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्या गड्याच्या हाती जे घर येईल तिथे त्याने जेवायचं. गावचे गडीसुद्धा त्या चार दिवसांत स्वतःच्या घरी जेवायचे नाहीत, तेही चिठ्ठीतच. छान रीत होती, फक्त त्या चिठ्ठ्यांत आमच्या वस्तीची घरं नसायची. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, विहाराच्या मागे. मैदान चोपायला, मंडप घालायला आमची माणसं चालायची. आमच्या चुलीपाशी जेवायला बसा म्हटलं की वरच्या आळीतल्या लोकांना एकदम कामं आठवायची.

सासू म्हणाली, “शेत देते. पण चिठ्ठ्यांत आमच्या वस्तीची घरं घाला. सगळी.”

अध्यक्ष म्हणाले, “ते बघू आपण, मावशे.”

“बघू नाय. आता सांग. नायतर उद्या सकाळी मी वाल टाकते.”

म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. बरोबरचे दोघं जमिनीकडे बघत होते. शेवटी टोपी घालून तो म्हणाला, “घालतो.” माणूस शब्दाचा पक्का होता, त्याने घातली.

त्या वर्षी आमच्या वाट्याला चार गडी आले. त्यातले दोघं आमच्याच गावच्या वरच्या आळीतले. त्यातला एक उंबऱ्यातच घोटाळला. म्हणाला, “माझं जरा पोट बरं नाय.” सासू शांतपणे म्हणाली, “बस. तुला पेज करते.” तो बसला. बाकीचे बिरडं-भात जेवू लागले तेव्हा तो नुसता वास घेत बसला होता, मग म्हणाला, “थोडंसं बिरडं चाखतो.” दोनदा मागून घेतलं त्याने. पेज तशीच राहिली, ती मी संध्याकाळी प्यायले.

आणखी एक रीत होती. हरलेल्या संघाची पंगत आधी. कारण साधंच होतं. हरले ते स्पर्धेतून गेले, त्यांना चालत किंवा एसटीने आपल्या गावाला परतायचं असायचं. जिंकलेले राहणारच होते. पण सासूने त्याला आपला अर्थ लावला होता. मी वाढायला गेले आणि चुकून जिंकलेल्याच्या पानात आधी भात घातला, तर ती माझ्या हातातला डाव काढून घ्यायची. “हरून आलाय तो, त्याला आधी वाढ. जिंकलेला बसंल टाळ्या खात.”

ती पाच-सहा वर्षं फार चांगली गेली. भात कापलं की अख्खा गाव आमच्या खाचरात. पुरुष धसकटं उपटायचे, आम्ही बायका ढेकळं फोडायचो, माती चाळायचो, पाणी शिंपडून चोपण्यांनी चोपायचो. चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या की मला सणाच्या सकाळसारखं वाटायचं. बघायला आम्ही बायका पेंढ्याच्या उडवीवर चढायचो. तिथून अख्खं मैदान दिसायचं, कोणाचा पाय निसटला, कोण चवड्यावर आहे, सगळं. सासू खाली बांधावर बसायची. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. समोरचा अख्खा संघ बाद होऊन लोण चढला म्हणून आम्ही ओरडलो की विचारायची, “कोण पडला? लागलं का त्याला?”

आमच्या संघात एक चढाईवाला होता. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरचा. हडकुळा, काळासावळा, दिवाळीनंतर बायको-पोरांना घेऊन वीटभट्टीवर जाणारा. पण सामन्यांचे चार दिवस कुठूनही यायचा. बाकीचे चढाईवाले मांडीवर थापा मारत, उड्या मारत जायचे. हा पावसाळ्यात बांधावरून चालावं तसा जायचा, पाऊल बघत, सावकाश. समोरच्याला वाटायचं हा आता परतला, आणि तेवढ्यात ह्याच्या पायाचा अंगठा लागलेला असायचा. त्याचा दम माझ्या वडलांपेक्षा मोठा होता. त्याच्या चढाईला मी श्वास धरला की शेजारच्या बायका माझ्या पाठीवर थापट्या मारायच्या, “सोड गो, मरशील.” मी सोडायची नाही. तो एक आणि मी एक, दोघांनी मिळून चढाई करतोय असं मला वाटायचं. सांगायला लाज वाटते, पण वाटायचं.

वाल मात्र दरवर्षी राहत गेला. एका वर्षाची दोन झाली, दोनाची पाच. सामने पौषात, पण मैदान भात कापल्यावर लगेच, ओल असतानाच चोपायला घ्यायचं, म्हणजे वाल पेरायची वेळ आणि मैदान करायची वेळ एकच. सामने संपेस्तोवर ओल गेलेली असायची. सामन्यांतल्या जेवणासाठी सासू शहापूरच्या बाजारातून वाल आणायला लागली. दाणे बोटांत फिरवायची आणि म्हणायची, “मोठा आहे. पण चव नाय.” यापलीकडे काही बोलली नाही.

मग शेठ आला. दशक संपत आलं होतं. मुंबईच्या लोकांना फार्महाऊसचे प्लॉट विकायचं खूळ तेव्हा आमच्या बाजूला नुकतंच सुरू झालं होतं. शेठ त्यातला. त्याने गावाजवळचा एक माळ घेतला आणि मंडळाला सांगितलं, सामने मी करून देतो. म्हातारे अध्यक्ष तोवर खाटेला खिळले होते. नव्या पोरांनी लगेच हो म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. लाऊडस्पीकर आला, खुर्च्या आल्या, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा चषक आला. मी सासूला सांगितलं, “आई, आपल्या खाचरात बघा काय काय येतंय.” ती म्हणाली, “येऊ दे. जाताना काय नेतात ते बघू.” मला वाटलं, झालं हिचं सुरू.

पहिल्या वर्षी आमची उडवी गेली. ती बॅनरच्या आड येत होती. बायकांसाठी बांबूच्या मागे जागा केली, स्पीकरच्या बरोबर खाली. दुसऱ्या वर्षी आमच्या गावाच्या नावाचं बनियन घालून सात गडी उतरले आणि त्यातल्या एकालाही गावाची विहीर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. मुंबईहून आणले होते. पाड्यावरचा चढाईवाला राखीव म्हणून कडेला बसलेला. तिसऱ्या वर्षी पास आले. आमच्याच खाचराच्या तोंडाशी एक अनोळखी पोरगा उभा, मला म्हणतो, “पास दाखवा.” मी म्हटलं, “पास बांधाखाली पुरलाय, उकर आणि बघ.” तो बाजूला झाला. पण आत जाऊन बसले तरी माझं डोकं दोन सामने होईस्तोवर तापलेलंच होतं.

आणि त्याच वर्षी चिठ्ठ्या बंद झाल्या. बंद झाल्या हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. सासूने नेहमीसारखे दोन दिवस आधी वाल भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, पहाटे उठून एकेक डाळिंबी सोलली. चार जणांचं बिरडं, भात, पापड. ओटा सारवला. बारा वाजले, एक वाजला. सासू पदराने माशा वारत पातेल्याशेजारी बसली होती. मी मैदानावर जाऊन बघितलं तर मंडपात केटररची टेबलं लागलेली, गडी हातात ताटं घेऊन रांगेत उभे. पुरी, पनीर, जिलेबी. मी एकाला विचारलं, चिठ्ठ्या कुठायत? तो म्हणाला, “आता नाय काकू ते. शेठचं जेवण आहे.” शेजारी वरच्या आळीतला तोच गडी उभा होता, पेजवाला. आता तो मंडळाचा कार्यकर्ता झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन मी ओट्यावर चढले. म्हटलं, “आई, यंदा उशीर आहे वाटतं.” तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठली, पातेलं उचललं आणि वस्तीतल्या घरांतून वाटीवाटीने बिरडं देऊन आली. मला म्हणाली, “खा तूबी. थंड झालंय.” एवढंच. मला तेव्हा शेठचा मंडप जाळावासा वाटला.

तरी पुढच्या वर्षी आम्ही खाचर दिलं. का दिलं? तर मला वाटायचं, सासूला त्यात मान वाटतो. दरवर्षी गावची माणसं नारळ घेऊन सगळ्यांत आधी आमच्या ओट्यावर यायची. स्टेजवर बोलावून तिला शाल द्यायचे. उभ्या आयुष्यात त्या बाईला कोणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. ते मी कसं मोडणार? मी गप्प बसले. आणि खरं सांगायचं तर मलाही अजून आशा होती. खेळ तर तोच आहे ना, असं मी स्वतःला समजवायची.

ती आशा एका दुपारी गेली. उपांत्य सामना होता. मुंबईच्या एका गड्याचा खांदा निखळला, म्हणून आमच्या पाड्यावरच्या चढाईवाल्याला आत घेतलं. दोन वर्षांनी तो मैदानात बघितला. वय झालं होतं, केस विरळ झाले होते, चाल मात्र तीच. मी बांबूच्या मागून उठून उभी राहिले. तो गेला, पाऊल बघत, सावकाश. मी श्वास धरला. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला त्याचा अंगठा लागला. मी बघितलं, पंचानेही बघितलं. आता फक्त परतायचं होतं.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, “थांबा, थांबा, खेळ थांबवा. आपल्या सामन्यांचे आधारस्तंभ येत आहेत.” शेठची गाडी बांधाशी आली होती. शिट्टी वाजली. समोरचे सातही गडी वळून टाळ्या वाजवायला लागले. पंचही वळला. आणि हा आपला दुसऱ्याच्या अर्ध्यात एकटा उभा, तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. दम तोडला तर तो बाद, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक. खेळ थांबला म्हणजे दमही थांबवायचा असतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तिकडे हार घालणं चाललं, फोटो चालले. त्याचे ओठ हलताहेत, आवाज बारीक होत चाललाय, कोणाचं लक्ष नाही.

मीही धरून होते. आणि मग माझ्या मनात आलं, मी हे कोणासाठी धरून बसलेय? त्याचा दम संपायच्या आधी मी माझा सोडला. आयुष्यात पहिल्यांदा. तो मात्र संपेस्तोवर म्हणत राहिला, मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकला. पाच मिनिटांनी पंचाने सांगितलं की ती चढाई धरली जाणार नाही. गुण नाही, काही नाही. मी तिथून उठून घरी आले आणि त्या वर्षीचा अंतिम सामना बघितला नाही. कोण जिंकलं ते मला आजही ठाऊक नाही.

पुढचं वर्ष त्याहून वाईट. शेठला माती नको होती, त्याला टीव्हीत दिसतं तसं घट्ट मैदान हवं होतं. त्याच्या माणसांनी खाचरात ट्रकने मुरूम आणून टाकला आणि वर रोलर फिरवला. गाड्या आत याव्यात म्हणून खालचा बांध दोन जागी फोडला. मंडळातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनीही तोंडातून शब्द काढला नाही. भाताच्या खाचराचा बांध फोडायचा म्हणजे काय, हे त्यांना सांगायला हवं होतं? पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही बांध लिंपला, पण नवी माती धरेना. पाणी थांबेना. रोपं पिवळी पडली. आधी वाल गेला होता, आता भातही गेलं. सासू डोक्यावर इरलं घेऊन फुटक्या बांधावर उभी राहायची आणि पाणी जाताना बघायची. मी घरातून तिची पाठ बघायची.

त्या वर्षी गावाचं भात कापून झाल्यावर ते पुन्हा आले. म्हातारे अध्यक्ष गेले होते. नवी पोरं, पुढे तो पेजवाला, आणि शेठचा एक माणूस, काखेत गुंडाळलेला मोठा कागद. ओट्यावर कागद पसरला. आमच्या खाचराचं चित्र होतं त्यात. चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या, कमान, बारमाही मैदान. खाचर कायमचं द्यायचं. शेठचा माणूस म्हणाला, “कमानीवर मावशींचं नाव टाकू. पिढ्यान्‌पिढ्या राहील.”

सासू भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात तांदळाचं सूप. ती सुपातले खडे वेचत राहिली. मला वाटलं, नावाचं ऐकून हिचं मन डळमळलं. का डळमळू नये? पण कमानीखाली सिमेंट झालं की त्यात पुन्हा भात नाही, वाल नाही, काही नाही, हे मला दिसत होतं. बारा वर्षांपूर्वी दाराआडून मी ‘द्या ना’ म्हटलं होतं. आज मी दाराआड नव्हते.

मी म्हटलं, “नाय द्यायचं.”

पेजवाला हसला. “वहिनी, तुमी असं म्हणता? तुमच्याइतकी कबड्डी गावात कोणाला आवडते?”

“आवडते ना. म्हणूनच नाय. कायमचंबी नाय आणि यंदाबी नाय. तुमचा मुरूम उचलून न्या, आणि बांध फोडलाय तो भरून द्या.”

“मावशी, तुमी तरी सांगा हिला.”

सासूने सुपातून डोळे वर केले. “ती काय बोलली ते ऐकलंस ना? कागद उचल. मला तांदूळ पाखडायचाय.”

ते गेले. नारळ ओट्यावरच राहिला. मी म्हटलं, “आई, मी तुम्हाला न विचारता बोलले. तुमचा मान गेला.”

“कसला मान?”

“नारळ, शाल... स्टेजवर बोलवायचे तुम्हाला.”

“त्या शालींत मी मिरच्या वाळत घालते, बघितलं नायस?” ती म्हणाली. “पोरं घरात येऊन जेवत होती तवर ठीक होतं. त्यापायी वाल सोडला, त्याचं काय वाटलं नाय. ती यायची थांबली, तेव्हाच माझं संपलं होतं गो.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाय?”

“तू एवढी धापा टाकायचीस. म्हटलं, हिला एक एवढंच वेड आहे. कशाला मोडा?”

मी तिच्यासाठी गप्प, ती माझ्यासाठी गप्प, आणि आमच्या दोघींच्या मधोमध शेठ रोलर फिरवतोय. मला आधी रडू आलं आणि मग एवढं हसू आलं की आतून नवरा पाळी करून झोपलेला उठून बाहेर आला. काय झालं ते ऐकून म्हणाला, “म्हणजे यंदा स्पीकर नाय? बरं झालं बाबा. झोप तरी होईल.” आणि परत जाऊन झोपला. मला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. छातीवरून कोणीतरी उठलं, असं वाटलं.

मुरूम अर्थातच कोणी नेला नाही. सामने हायवेकडच्या एका माळावर गेले, तिथे अजून होतात म्हणे. मुरूम आम्ही दोघींनी उचलायला घेतला, घमेल्याने. तिसऱ्या दिवशी पाड्यावरचा चढाईवाला बायकोला घेऊन आला, हातात कुदळ. कोणाकडून ऐकलं कोण जाणे. मला म्हणाला, “मैदान करायला मी होतो, उकरायलाबी मीच पायजे.” भट्टीवर जायचं लांबवून तो नऊ दिवस राबला. बांध त्यानेच बांधला, असा की पुढच्या पावसात थेंब गळला नाही. त्या वर्षी वालाची वेळ टळली होती. पुढच्या वर्षी भात झालं, कापलं, ओल होती.

मी म्हटलं, “आई, बियाणं बाजारातून आणावं लागेल.” ती आत गेली आणि राखेने भरलेलं मडकं घेऊन आली. हात घालून दाणे काढले. बारीक, कडवे. आमचेच. बारा वर्षं ती दरवर्षी मूठभर वाल पलीकडच्या बांधाच्या कडेला टाकत होती, बी मरू नये म्हणून. मी त्या बांधावरून रोज येत-जात होते. मला वाटायचं, आपोआप उगवतंय.

फाल्गुनात नव्या वालाचं पहिलं बिरडं झालं. चढाईवाल्याला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. तो पाटावर बसला. मी पहिलं ताट वाढून त्याच्यापुढे ठेवायला वाकले, तर सासूने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. ती म्हणाली, “त्याला मागनं. आधी तू बस.”

मी म्हटलं, “अहो, पाहुणा आहे तो.”

“पाहुणा असंल. खेळ तुझा गेलाय. रीत ठाऊक हाय ना?”

चढाईवाला मान खाली घालून हसला आणि त्याने मला जागा करून दिली. मी हात धुऊन त्याच्या शेजारी बसले. सासूने माझ्या पुढ्यात ताट ठेवलं, वर आणखी एक डाव बिरडं घातलं. कडसर होतं, आमच्या मातीचं. मी जेवू लागले, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.